दारातलं बोलणं

आमच्या उदगीरकडं कुणी कामाचं बोलायला आलं की आधी काम सोडून सगळं बोलतं. पाऊस, तुरीचा भाव, कुणाच्या पोरीचं जमलं, कुणाची म्हैस व्याली. चहा होतो, सुपारी होते. मग पाहुणा उठतो, उंबऱ्याबाहेर एका पायात चप्पल घालतो आणि म्हणतो, "बरं, एक सांगायचं राहिलंच की." जे राहिलेलं असतं त्याच्यासाठीच तो आलेला असतो. घरच्यांनाही ते ठाऊक असतं, म्हणून तर ते त्याला दारापर्यंत सोडायला येतात. माझी आई डाळ मिलमध्ये कामाला होती. थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आक्काच्या, बाळंतपणाला आठ दिवस घरी राहू द्या, हे ती मालकाला असंच दारात बोलली होती. आणि राहू दिलं होतं त्यानं.

मी नांदेडला नर्सिंग केलं, आखातात एका दवाखान्यात लागले आणि तिथून युरोपातल्या एका वृद्धाश्रमात गेले. तिथं आम्ही सगळ्या परदेशी बायका. कामाची पाळी संपली तरी सोडत नव्हते, आजारी पडलं तर डोळे वटारत होते. मी भांडायला लागले, बायका मागं उभ्या राहिल्या आणि बघता बघता मी युनियनची बाई झाले. पुढं त्या युनियनच्या जागतिक संघटनेनं मला उचललं. आता जिनिव्हात सरकारं आणि मालक यांच्यासमोर बसायचं आणि लोकांच्या घरात राबणाऱ्या बायकांसाठी बोलणी करायची, हे माझं काम.

बोलणी म्हणजे काय, तर भांडायचं, पण आवाज चढवायचा नाही. सकाळी ज्याच्याशी भांडलो त्याच्याच शेजारी बसून दुपारी सूप प्यायचं. वर्षभर राबलं की कराराच्या मसुद्यातला एखादा परिच्छेद इकडचा तिकडं होतो आणि आम्ही एकमेकांचं अभिनंदन करतो. माझा परिच्छेद एकच होता: घरकामाच्या बाईला मालकाच्या परवानगीशिवाय मायदेशी परत जाता आलं पाहिजे. इतकी साधी गोष्ट. पण ती मांडता मांडता माझे केस पिकले, आणि अजूनही "पुढील बैठकीत विचार करू" इथंच गाडी अडलेली आहे.

त्यात माझी भाची, आक्काची लेक, आखातात गेली. एका म्हाताऱ्या बाईची सेवा करायला. मी नको म्हणत होते, पण मी स्वतः तेच करून वर आलेली. माझं कोण ऐकणार? करार संपला तरी मालकीण पासपोर्ट देईना. आधी म्हणाली ईदनंतर जा. मग थंडीनंतर. मग म्हातारी बरी झाल्यावर. म्हातारी काही बरी होत नव्हती. आक्काचा दर आठवड्याला फोन: "तू त्या सायबांच्या संगं बसतीस ना? मग माझी लेक कधी येणार, एवढं इचार की."

विचारलं. गेल्या वर्षी त्याच देशाच्या प्रतिनिधीला भेटायला आमचे सरचिटणीस मला घेऊन गेले. विषय आधीच ठरलेले होते. प्रतिनिधीसाहेब फार सज्जन. खजूर आले, कॉफी आली, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, मग ठरलेले विषय झाले. मला आपलं वाटलं, आता खरं बोलणं दारात. निरोप घेताना मी मुद्दाम मागं रेंगाळले आणि म्हटलं, "साहेब, एक सांगायचं राहिलं." भाचीचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, मालकिणीचं नाव सांगितलं. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "इन्शाअल्लाह." मी हरखून गेले. उदगीरच्या धान्याच्या मोंढ्यात आमच्या शेजारचे चाचा इन्शाअल्लाह म्हणाले की संध्याकाळच्या आत पोतं घरपोच यायचं.

गाडीत बसल्या बसल्या सरचिटणीस तापले. वैयक्तिक प्रकरण अशा भेटीत काढायचं नसतं, एवढंही कळत नाही का? बरं, काढायचंच होतं तर टेबलावर काढायचं, तिथं कुणीतरी टिपून तरी घेतलं असतं. निरोप घेताना बोललेलं या लोकांत कुणी धरत नाही.

मी म्हटलं, "म्हणजे हजारो बायकांबद्दल बोलायची मुभा, एकीबद्दल नाही?"

"बरोबर," ते म्हणाले. त्यांना त्यात काही खटकलंच नाही.

पण कुणीतरी ते दारातलं बोलणं धरलं. चुकीच्या टोकाला धरलं. काही आठवड्यांनी भाचीचा निरोप आला, दबक्या आवाजातला: "मावशी, तू कुणाला काय बोललीस का गं? मॅडमला कुणीतरी इचारलं म्हणं. माझा फोन काढून घेतला होता. आता महिन्यातून एकदा देत्यात. तू काय बोलू नको आता." असाच निरोप तिनं आक्कालाही पाठवला होता. मी आक्काला फोन करून सगळं सांगितलं, खजूर, कॉफी, दार, सगळं. ती फक्त "हं, हं" करत राहिली.

यंदा सुट्टीत आले तर नांदेडच्या एका कॉलेजनं सत्कार ठेवलेला. शाल, श्रीफळ, माझा एवढा मोठा फोटो. सूत्रसंचालक म्हणाले, जगभरातल्या कामगारांचा बुलंद आवाज. पहिल्या रांगेत आक्का बसली होती. सगळे टाळ्या वाजवत होते म्हणून तीही वाजवत होती. ती शाल तिथंच भिरकावून द्यावीशी वाटली. भाषणात मी परिच्छेद कसा पुढं सरकतोय ते सांगितलं. दुसरं काय सांगणार?

नंतर आम्ही दोघी एसटीनं उदगीरला निघालो. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, शिरूर ताजबंदला चहा झाला. आक्का गुडघ्याबद्दल बोलली, सोयाबीनबद्दल बोलली, गल्लीतल्या नव्या विहारातल्या फरशीबद्दल बोलली. लेकीबद्दल एक अक्षर नाही. मी मनात म्हटलं, असू दे, आपलंच माणूस आहे. निघताना बोलेल.

चार दिवस राहिले. तिनं धपाटे केले, डोक्याला तेल लावलं, शेजारणींना बोलावून मला दाखवलं. भिंतीवर भाचीचा फोटो होता. त्याच्याकडं मी बघायची, आक्का नाही. मी उत्तरं तयार ठेवली होती. दूतावासात अर्ज केलाय. तिथल्या एका वकिलाशी बोलणं चालू आहे. पुढच्या बैठकीत पुन्हा रेटणार आहे. एकही उत्तर मला स्वतःला पटत नव्हतं, तरी तिनं विचारावं म्हणून जीव तुटत होता.

निघायच्या दिवशी रिक्षा दारात आली. जय भीम झाला. मी पायरीवर बसून उगाच चपलेचा पट्टा काढत-घालत राहिले. आक्का चौकटीला टेकून उभी. रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला.

शेवटी मलाच राहवलं नाही. "आक्का, काही सांगायचं राहिलं का गं?"

"न्हाई," ती म्हणाली. धपाट्यांची पिशवी तिनं माझ्या हातात दिली, माझा पदर सारखा केला. "आन् तूबी आता कुणाच्या दारात काय सांगू नको, बाई."