पुस्तक उसवणारे बापू

नवं कोरं पुस्तक घरी आणल्यावर लोक त्याला कव्हर घालतात. आमचे बापू ते उसवत. पगार झाला की पुढच्या रविवारी ते चाकूरहून लातूरला जात, एकच पुस्तक आणत आणि अंगणात उन्हाला बसून पोती शिवायच्या दाभणानं त्याची शिवण सोडवत. चार भाग होत. घरातल्या प्रत्येकाच्या हातात एकेक पडे, वाचून झाला की अदलाबदल होई. बापू माझे सासरे, तहसीलमध्ये कारकून. मी धर्माबादहून लग्न होऊन आले तेव्हा हा प्रकार पाहून मला वाटलं, माणूस जरा हललेला दिसतोय.

ही सवय दुष्काळातली. बापू तेव्हा सडकेच्या कामावर हजेरी घ्यायला होते. दुपारच्या सुट्टीत बाभळीखाली बसलेली वाचणारी पोरं चार आणि पुस्तक एक. "भाकर वाटून खातच होतो. म्हणलं, पुस्तक बी वाटू," असं ते सांगत. कुणाला सुरुवात मिळे, कुणाला एकदम मधलंच. तोच कारभार घरी आला. नियम एकच होता: मागचं कुणी विचारलं तर सांगायचं, पुढचं मात्र जीव गेला तरी सांगायचं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी घरात तोंड मिटूनच वावरत होते. माहेरची सारखी आठवण यायची. अशात बापूंनी माझ्या हातात तिसरा भाग ठेवला. "घे पोरी, तुझा वाटा." पहिल्याच पानावर एक बाई कुणाची तरी चप्पल छातीशी धरून नदीकाठी बसलेली. चप्पल कुणाची, बाई का बसली, काही कळेना. दोन दिवस कळ काढली. मग आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना विचारलं, कारण दुसरा भाग त्यांच्याकडे होता. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत वाचायच्या त्या.

"अगं, ती तिच्या भावाची हाय," त्या म्हणाल्या, आणि भाकरी थापता थापता त्या बहीणभावांची सगळी कहाणीच सांगत बसल्या. तव्यावरची भाकरी करपून कोळसा झाली. आम्ही दोघी इतक्या हसलो की आमचे हे बाहेरून बघायला आले. तोवर आमचं बोलणं मीठ आणि पाण्यापुरतंच होतं.

बापू बाजेवर घोंगडं पांघरून हे सगळं ऐकत होते. संध्याकाळी म्हणाले, "आख्खं पुस्तक दिलं असतं, तर कोपऱ्यात तोंड घालून बसली असतीस." मला पहिल्यांदा ते घर माझं वाटलं.

पुढे लातूरचा वेगळा जिल्हा झाला आणि बापूंची बदली नव्या कलेक्टर कचेरीत झाली. ते तिथं खोली करून राहिले. आता पुस्तकाचे भाग भाकरीच्या फडक्यात बांधून एसटीनं जात-येत. एखाद्या पानाला ठेच्याचं तेल लागलेलं असे आणि त्या पानाला लसणाचा वास येई. महिनाअखेरीस बापू घरी येत, सगळे भाग जुळवून पुस्तक शिवत. घर दोन गावांत झालं होतं, तरी सकाळी अंगण झाडताना मला वाटायचं, बापू आत्ता पुस्तकातलं तेच जंगल, तीच माणसं बघत असतील.

रिटायर झाल्यावर दुसऱ्याच हिवाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. त्या महिन्याच्या पुस्तकाचे तीन भाग त्यांचे वाचून झाले होते, शेवटचा माझ्याकडे होता. हातात पान धरवत नव्हतं. मी म्हटलं, थोडक्यात सांगू का? तर म्हणाले, "सांगू नको. वाचून दाखव. शेवट ऐकायचा हाय मला."

रोज सकाळी त्यांची बाज उन्हात घेत होतो. समोर हरभऱ्याचं रान, त्यावर पातळ धुकं. मी एक पान वाचायची आणि उठायची. कधी चुलीवरचं दूध, कधी लेकरू. खरं कारण वेगळंच होतं. पुस्तक संपत नाही तोवर बापू कुठं जात नाहीत, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. मग तर मी वाचलेलंच पान पुन्हा वाचू लागले. त्यांनी दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "पोरी, लई हळू वाचायलीस. मला घाई हाय."

मी खाली बसले आणि वाचू लागले. ऊन त्यांच्या पायांवरून छातीवर आलं. आत दूध उतू गेल्याचा वास आला, तरी उठले नाही. शेवटची ओळ झाली. बापूंचे डोळे मिटलेले होते. मी वाकून त्यांच्या तोंडाशी कान नेला. त्याच आठवड्यात ते गेले, पण त्या सकाळी ते होते, जागे होते.

"संपलं?"

"हो."

"मग रडतीस कशाला? शेवट तर चांगला झाला की."