वायरीत न डोकावणारा माणूस

वायर जोडून झाली की तो उठायचा, गुडघे झटकायचा आणि म्हणायचा, "मी वायर टाकतो. आत डोकावत नाही." कुणी विचारलेलं नसायचं. तरी म्हणायचाच.

विश्रांतवाडीत आमच्या गल्लीत इंटरनेट त्यानं आणलं. नाव लिहीत नाही, त्याला आवडायचं नाही. आम्ही त्याला भाई म्हणायचो. वडील घड्याळं दुरुस्त करायचे, त्यामुळे त्याची बोटं बारीक कामाची. तुमच्याकडेही असा एक असेल, आठवून बघा. खांद्यावर वायरीचं भेंडोळं, कानामागे टेस्टर, स्कूटरला आडवी बांधलेली शिडी.

मी तिसरीपर्यंत शिकलेला. पाणीखात्यात चावीवाला होतो. रस्त्यातल्या चेंबरमध्ये लांब लोखंडी चावी घालायची आणि एकेका गल्लीला पाणी सोडायचं, हे काम. एका बंगलेवाल्यानं दिवाळीला मिठाई पाठवली, आमच्या बाजूला दोन आटे जास्त फिरवत जा म्हणून. पुडा त्याच्याच फाटकावर ठेवून आलो. हे मी मोठेपणा मिरवायला सांगतोय. मिरवण्यासारखंच आहे ते.

भाईला ही गोष्ट फार आवडायची. एकदा त्यानं विचारलं, "काका, पाणी सगळ्यांना सारखं जातंय हे तुम्हाला कळायचं कसं?"

म्हटलं, "पहिल्या आणि शेवटच्या नळाखाली सारखी बादली लावायची. दोन्ही एकाच वेळी भरल्या तर चावी बरोबर."

तो हसला. "माझंही तेच. फक्त माझं पाणी दिसत नाही. म्हणून लबाडी करणाऱ्याला सोपं." मग शिडीवर बसल्या बसल्या मला समजावलं, "सिनेमा बघा, भजन ऐका, नाहीतर एखाद्या गरिबानं काढलेलं चिमुकलं पान उघडा. वायरीनं सगळं सारखं न्यायचं. कुणाला पुढे काढायचं नाही, कुणाला अडवायचं नाही. तसा नियमही आहे आपल्याकडे."

माझी सून घरून शिवण शिकवते. शिकवायची, असं लिहायला हवं. मशीनवर फोन टांगलेला, आणि गावोगावच्या बायका तिकडून बघून टाका घालायच्या. मैत्रिणीनं करून दिलेल्या एका छोट्या साइटवर तिचा क्लास चालायचा. तिच्या हातात स्वतःचं असं तेवढंच होतं. क्लास चालू असला की भाई चपला बाहेर काढून, चवड्यांवर चालत यायचा. एकदा जाताना हळूच म्हणाला, "ताई, त्या चष्मेवाल्या बाईंना बाही जमली का शेवटी?"

"अहो भाई, तुम्ही आत डोकावत नाही ना?"

"वायरीत नाही डोकावत. दारातून दिसलं."

मग एका मोठ्या कंपनीचा माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर. म्हणाला, "आजोबा, गल्लीत तुम्हीच वडीलधारे. ती जुनी वायर सोडा, आमची घ्या, म्हणजे सगळी गल्ली घेईल. आमच्या ॲपवर भजन, सिनेमे सगळं फुकट, आणि पळणार एकदम जोरात." पुढे केलेला कागद इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. मला वाचता येईना. ते त्याच्या लक्षात आलं. म्हणाला, "अंगठा चालेल."

अंगठा! मी म्हटलं, "पेन आणा इकडे." वडिलांच्या नावासकट, आडनावासकट पूर्ण सही ठोकली, कागदाच्या अगदी वर. काय लिहिलंय ते विचारलं नाही. विचारलं असतं तर वाचता येत नाही हे कबूल करावं लागलं असतं. माझी सही बघून खाली सगळ्या गल्लीनं सह्या केल्या. मिठाई परत करणारा माणूस मी, आणि अंगठा या एका शब्दावर विकला गेलो.

भाई आमच्या भिंतीवरचा आपला इंटरनेटचा डबा काढायला आला. मी म्हटलं, "नाही पटलं तर परत तुझ्याकडेच येऊ रे." तो कोपराभोवती वायर गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "काका, सही सुंदर आहे तुमची. तो माणूस घरोघर दाखवत होता."

बास, एवढंच. गुडघे झटकले आणि गेला. नेहमीचं वाक्य त्या दिवशी म्हणाला नाही.

कंपनीच्या ॲपवर भजन खळाळून वाहायला लागलं. सुनेच्या क्लासमध्ये मात्र सुई कापडावर टेकायची आणि चित्र थिजायचं. एक बाई म्हणाली, "ताई, तुमचा हात दिसतो, टाका दिसत नाही." एकेक करून बायका गेल्या.

मी कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी म्हणाली, "सर, राउटर बंद करून चालू करा."

"ते चारदा केलं. तुमचं भजन पळतंय आणि माझ्या सुनेचाच क्लास का लंगडतोय?"

"सर, ती साइटच स्लो असेल."

मी काय मूर्ख आहे? मी बादल्या लावल्या. घरात दोन फोन शेजारी ठेवले, एकावर कंपनीचा सिनेमा, एकावर सुनेच्या साइटवर साठवलेला एक जुना क्लास. त्याच वेळी सुनेच्या माहेरी, नारायण पेठेत, दुसऱ्या कंपनीच्या वायरीवर तोच क्लास लावायला सांगितला. तिकडे टाका न टाका दिसत होता. आमच्याकडे सिनेमा धावत होता आणि क्लास थिजला होता. साइट कुठे स्लो होती? चावी दोन आटे बंद होती. माझा जन्म चावी फिरवण्यात गेला, मला शिकवता?

नियम आहे म्हणे. असेल. पण चेंबरचं झाकण उचलून बघायला कोण जातं? तुम्ही म्हणाल, एका बाईच्या शिवणाचं एवढं काय घेऊन बसलात. उद्या तुमच्या मुलाचा अभ्यास थिजेल, तुमच्या गावची बातमी थिजेल, आणि तुम्हालाही कुणीतरी सर सर करत राउटर बंद करायला सांगेल. तुम्ही कराल. फुकटचं भजन ऐकत बसाल, माझ्यासारखं.

भाईच्या दुकानाला कुलूप होतं. शेजारचा म्हणाला, हिंजवडीत एका ऑफिसात वायरिंगला लागलाय, सकाळी बसनं जातो. मी फोन केला. माफी मागायची होती. जमलं नाही.

"काका, ताईंचा क्लास कसा चाललाय?"

"बंद पडला."

तो म्हणाला, "लेखी तक्रार करा. आणि या वेळी वाचून सही करा."

सुनेनं तक्रार लिहिली. मी तिला दोनदा वाचायला लावली, मग सही केली. उत्तर अजून नाही. दुसरी लिहायला घेतली आहे.

परवा कंपनीचा माणूस खांबावर चढला होता. खांबापासून आमच्या गॅलरीपर्यंत भाईची वायर अजून लोंबते आहे. डबा काढून जाताना भाईनं तिचं टोक टेपनं नीट बांधून ठेवलं, पाणी शिरू नये म्हणून. टेपवर त्याच्या बारीक अक्षरात लिहिलं आहे, 'ताईंचा क्लास'. एवढं मला वाचता येतं.

"आजोबा, ही जुनी वायर मेलीय. काढून टाकू?"

मी म्हटलं, "हात लावून बघ."