चाकाखालचा ठोकळा

उस्तादाने तेहतीस वर्षं ट्रक चालवला आणि तेवढ्या काळात नियमांचं पुस्तक एकदाही उघडलं नाही. त्याच्या वेळी लेखी परीक्षाच नव्हती. मैदानात दोन पिंपांच्या मधून गाडी मागे घ्यायची, साहेबाने मान हलवली की परवाना हातात. त्यामुळे लेक जड वाहनाच्या शिकाऊ परवान्यासाठी ते जाडजूड पुस्तक घेऊन घरी आली, तेव्हा तो पोट धरून हसला.

"अगं, ट्रक काय वाचून चालवतात? घरात मी बसलोय ना धडधाकट!"

धडधाकट हे जरा वाढवूनच. त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं एकोणीस वर्षांपूर्वी त्याच्याच ट्रकच्या चाकाखाली गेली होती. त्या दिवशी त्याच्याबरोबर दुसरा ड्रायव्हर म्हणून त्याचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. मोठा घाट उतरून उस्तादाने गाडी डेपोत आणली, तो मेहुण्याला म्हणाला, "हॅन्डब्रेक ओढ," आणि फाटक उघडायला खाली उतरला. गाडी मागून हळूच सरकत आली. मेहुणा रडून सांगत होता की ब्रेक ओढला होता, पण उस्तादाने डेपोच्या साहेबांपुढे साफ सांगितलं, नाही ओढला. मेहुण्याची नोकरी गेली. पंधरवड्याने तो कागदात गुंडाळलेलं काहीतरी काखेत मारून भेटायला आला, तर खिडकीतून ते पाहून उस्ताद खाटेवरून गरजला, "दार उघडायचं नाही! सफरचंदं घेऊन आलाय, लाज नाही वाटत?" दार उघडलं नाही. तेव्हापासून बायकोचं माहेर तुटलं.

मेहुण्याने पुढे टायरचं दुकान टाकलं. दारात कुठलीही गाडी आली की तो आधी चाकाखाली लाकडी ठोकळा सारायचा, मग नमस्कार. गावभर त्याला ठोकळेवाला म्हणत. हे कानावर आलं तेव्हा उस्तादाला कोण आनंद झाला होता! "आता लावतोय ठोकळे! तेव्हा साधा दांडा ओढवला नाही."

तर मंगळवारी परीक्षा आणि रविवारी दुपारी बापलेक अभ्यासाला बसले. प्रश्न उस्ताद वाचणार, उत्तर लेक देणार, मागच्या पानावर पडताळायचं. बायको शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"लांबलचक उतारावर गाडी कशी न्यावी?"

"न्यूट्रलमध्ये. इंजिनाला आराम, डिझेलची बचत," लेक म्हणाली. लहानपणापासून तिने हेच ऐकलं होतं.

"शाब्बास!" उस्तादाने मागचं पान उलटलं आणि त्याचा चेहरा उतरला. पुस्तक म्हणत होतं, न्यूट्रलमध्ये कधीही नको, खालचा गिअर टाका, नाहीतर सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात. "छापायची चूक आहे. हे लिहिणाऱ्याने कधी स्टिअरिंग तरी धरलंय का?"

लेकीने हसू दाबलं. पुढच्या चार प्रश्नांत उस्तादाचे तीन नियम आडवे झाले. माणूस घामाघूम झाला. तेहतीस वर्षं आपण जिवंत राहिलो ती निव्वळ लॉटरी होती की काय, असं त्याला वाटायला लागलं. तरी हेका सोडेना.

"हं, हे घे सोपं. मोठा उतार उतरून आलात, ब्रेक अतिशय तापले आहेत. गाडी उभी करताना काय कराल?"

"हॅन्डब्रेक ओढायचा आणि उतरायचं."

"बरोबर. यात विचारायचं काय?" त्याने पान उलटलं. मग पुन्हा प्रश्न काढला, पुन्हा उत्तर काढलं. चष्मा पुसला.

"बाबा, काय लिहिलंय?"

तो तिसऱ्यांदा पान उलटू लागला. तेव्हा लेकीने पुस्तक ओढून घेतलं आणि मोठ्याने वाचलं. "ब्रेक फार तापलेले असताना हॅन्डब्रेकवर भरवसा ठेवू नये. ओढला तरी गाडी सरकू शकते. आधी चाकाखाली ठोकळे लावावेत आणि ब्रेक निवू द्यावेत."

ओढला तरी. उस्तादाच्या पायाखालची जमीन सरकली. त्या दिवशी सबंध घाट न्यूट्रलमध्ये उतरवला होता त्याने, पाय ब्रेकवरून काढलाच नव्हता. चाकांना जळका वास येत होता. तो वास त्याला आता, या खोलीत, लख्ख आठवला. ब्रेक तापवले कोणी आणि नोकरी गेली कोणाची!

बायकोच्या हातातला अभ्रा तसाच राहिला. "एकोणीस वर्षांपूर्वी तो हेच सांगत होता," ती म्हणाली. "ओढला होता. ओढला होता म्हणून." रडली नाही, ओरडली नाही. उस्तादाला वाटलं, हिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याने पुस्तक उचललं, पानात बोट घातलं आणि अनवाणीच निघाला. लेक चपला घेऊन मागे धावली.

टायरच्या दुकानात मेहुणा एका टेम्पोच्या चाकाखाली ठोकळा सारत होता. केस पिकले होते. उस्तादाला बघून तो उभाच राहिला.

"भावोजी?"

उस्तादाने वाटभर जुळवलेली सगळी वाक्यं विरून गेली. त्याने नुसतं पान उघडून पुढे धरलं. मेहुण्याने पुस्तकाकडे पाहिलं आणि न वाचताच म्हणाला, "ठोकळ्यांचा प्रश्न ना?"

"तुला... तुला माहीत होतं?"

मेहुणा आत गेला. टायरांच्या मागच्या फळीवरून त्याने एक पुडकं काढलं. वर पिवळा पडलेला वर्तमानपत्राचा कागद, आत हेच पुस्तक, जुनी छपाई. एका पानाचा कोपरा दुमडलेला, त्या प्रश्नाभोवती पेन्सिलीचा गोल.

"नोकरी गेल्यावर मुद्दाम परवान्याच्या कचेरीतून आणलं होतं, चुकलं कुठे ते बघायला," तो म्हणाला. "सापडलं तसं तुम्हाला दाखवायला आलो होतो. दार उघडलं नाहीत."

उस्तादाने ते पुडकं हातात घेतलं. लेक त्याचा दंड धरून उभी होती.

"मला वाटलं, सफरचंदं आहेत," तो म्हणाला.