सुलेखाबाईंनी मोडलेली जोडी

सुलेखाबाई पुंडलिकनगरच्या एका शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवत आलेल्या. आवाज खणखणीत, अक्षर टपोरं, आणि स्वतःच्या शिकवण्याचा अभिमान म्हणाल तर भरपूर! पण नववीतल्या गोकुळपुढं त्यांनी हात टेकले. गंगापूरकडून आलेला पोरगा. विजेचा धडा उघडला की त्याची मान खाली. शेवटी वैतागून बाईंनी त्याला वर्गातल्या हुशार प्रेरणाशेजारी बसवलं. "तूच बघ गं आता याच्याकडं."

प्रेरणानं थेट घरच्या नळाचं उदाहरण घेतलं, आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या. टाकी उंच असली की धार जोरात, पाइप बारीक असला की धार मंद, विजेचंही तसंच. गोकुळ म्हणाला, "अन् दोन्हीकडं पाणी एकाच उंचीवर असलं तर?" ते प्रेरणालाही ठाऊक नव्हतं. मग दोघं पुस्तकात डोकं घालून बसली. गणपतीपर्यंत गोकुळ मागच्या बाकांवरच्या पोरांना वीज समजावून सांगायला लागला. बाईंना आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर थोडं झोंबलंही.

तेवढ्यात प्रेरणाचे वडील नानासाहेब शाळेत आले. वर्गाच्या दारातच, सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, माझी लेक इथं शिकायला येते, शिकवायला नाय. नुकसान होतंय तिचं." तसं काही होत नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. पण भिडेपोटी म्हणाल्या, "बरं, बदलते जागा." मेली ती भीड! दुसऱ्या दिवशी प्रेरणा पहिल्या बाकावर, गोकुळ शेवटच्या.

गोकुळची मान पुन्हा खाली गेली. प्रेरणाही पुस्तक उघडून नुसती बसायची. "समजवायला कुणी नसलं की मलाच कळत नाही, बाई," म्हणायची. सहामाहीत तिचे मार्क घसरले. दिवाळीच्या सुट्टीनंतर गोकुळ शाळेत आलाच नाही.

बाई त्याला शोधत चिकलठाण्याला, त्याच्या मामाच्या टायरच्या दुकानात गेल्या. "चल बाळा शाळेत. मी बोलते मामाशी."

"नगं बाई. मी आलो की प्रेरणा परत मलाच शिकवत बसंल. लई नुकसान व्हतं तिचं."

"अरे, नाही रे! तुला तिच्याशेजारून उठवलं, तेव्हापासून तिचे मार्क कमी झाले. तू विचारायचास, म्हणून तीही शिकत होती."

गोकुळनं हातातली ट्यूब खाली ठेवली. त्याचे डोळे भरून आले होते.

"मंग ते तिच्या वडलांना तवाच का नाय सांगितलं, बाई?"

बाई एकट्याच परत आल्या.