निवडलेले तांदूळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईबाबांना तर नाहीच — आणि जिच्यासमोर बसून सांगायला हवं होतं, ती आता राहिली नाही.

तांदूळ हल्ली पिशवीतले येतात, साफ केलेले. तरी मी ताटात ओततेच. ऑफिसातून आलेली असते, कंबर धरलेली असते, आणि बोटं फिरवत बसते. मुलगी वैतागते, "मम्मी, यात खडे नसतात गं." काय सांगू तिला?

आम्ही चारकोपला राहायचो. एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यात आईबाबा, धाकटा भाऊ आणि मी. मी अकरा वर्षांची असताना बाबांची थोरली बहीण आमच्याकडे राहायला आली. आत्याचा नवरा गेला होता, मूलबाळ नव्हतं. गावी दिराच्या घरात तिचे हाल चालले होते, म्हणून बाबांनी आणलं. ती भांडी घासायची, माझ्या वेण्या घालायची, दुपारी तांदूळ निवडायची. चांगली होती. वाईट असती तर — पण नव्हती ना.

तिला पंख्याखालची जागा दिली. आधी तिथे मी झोपायचे. बस, एवढंच. याहून मोठं कारण मी इतकी वर्षं शोधतेय, सापडत नाही.

मागे बिल्डिंगचं काम चालू होतं. तिथली बारीक खडी मी फ्रॉकच्या खिशातून आणायचे आणि आत्यानं निवडून ठेवलेल्या तांदळात मिसळायचे. चिमूटभरच.

पहिल्यांदा दाताखाली खडा आला, तेव्हा आईनं तो ताटाच्या कडेला काढून ठेवला. दुसऱ्यांदा म्हणाली, "वन्सं, दिसत नसेल तर सांगा ना, मी निवडीन."

"माका दिसता गो," आत्या म्हणाली. "खडे खयसून येतत, ताच कळना नाय."

मी तिथेच बसले होते, गृहपाठ करत.

मग तिचा स्वतःवरचाच विश्वास उडाला. एक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरातले आकडे वाचायची आणि मला विचारायची, बरोबर ना गं? बरोबरच असायचे. एकदा मी म्हटलं, "नाही." — खडी टाकणं हा पोरखेळ होता, असं म्हणेलही कुणी. पण ते "नाही"? त्याला काय म्हणायचं?

एका रविवारी जेवताना बाबांची दाढ तुटली. रक्त आलं. "उद्या गॅस उघडा राहिला म्हणजे?" आई बाबांना म्हणाली. आठवड्याभरात बाबांनी आत्याला गावच्या एसटीत बसवून दिलं. परत त्याच दिराकडे.

मला माझी जागा मिळाली. झोप छान लागली — हेही सांगायला हवं.

नंतर ती एकदाच भेटली, भावाच्या लग्नात, मुलुंडला. हॉलच्या पार दुसऱ्या टोकावरून तिनं मला ओळखलं, हाक मारली. मी पाया पडले. बायका गजरे ओवत बसल्या होत्या, तिलाही बोलावलं, तर म्हणाली, "माका नुको. माजी नजर कदीच गेली." मी शेजारीच उभी होते. तेव्हा मी अकरा वर्षांची नव्हते, तिशीची होते. बोलता आलं असतं.

गेल्या वर्षी आत्या गेली. बाबांचा फोन आला — येतेस का गावी? मी म्हटलं, रजा नाही.

रजा होती.