अण्णांनी कासारमावशीला दिलेला शब्द

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, जालन्याच्या बलदियेचे मेंबर होते. आजच्या भाषेत नगरपालिकेचे. राज्य निजामाचं होतं आणि कचेरीचा कारभार उर्दूतून चाले. अण्णांचं उर्दू चांगलं होतं, म्हणून तहसीलदारांनी त्यांना नेमून घेतलं होतं. कुणाची मोरी तुंबलेली असे, कुणाच्या शेजाऱ्यानं भिंत पुढं सरकवलेली असे. माणसं सकाळीच आमच्या ओसरीवर येऊन बसत. अण्णा ऐकून घेत आणि अर्जी लिहून देत.

आमची गल्ली जुन्या जालन्यातली. इतकी अरुंद, की समोरून बैलगाडी आली तर माणसानं कुणाच्यातरी उंबऱ्यावर चढून उभं राहायचं. एकदा आतल्या टोकाच्या एका अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायला गाडी निघाली, आणि त्याच वेळी समोरून सरकीच्या पोत्यांची गाडी आत शिरली. चाकाला चाक अडकलं. पोती उतरवून, बैल सोडून वाट मोकळी होईपर्यंत ती बाई गेली, पोटातलं मूलही गेलं. आमच्या दारासमोरच. अण्णा चाक धरून उभे होते. लोकांनी त्यांना बाजूला नेलं तेव्हा त्यांचे हात वंगणानं काळे झाले होते.

गल्लीनं अर्ज दिला, रस्ता रुंद करा म्हणून. सगळ्यांनी सह्या आणि अंगठे केले. अण्णांनी तो अर्ज बलदियेत लावून धरला, वर्षभर भांडले, आणि रस्ता मंजूर करून घेतला. मोजणीवाले आले, त्यांनी चुन्याची रेघ मारली. आमची ओसरी आणि पुढची खोली रेघेत गेली. समोरच्या कासारमावशीचं घर मात्र पुरतं गेलं. तिचं घर म्हणजे एकच खोली होती.

कासारमावशी विधवा होती, बांगड्या भरायची. आई लग्न होऊन आली तेव्हा घरात सासू नव्हती, नणंद नव्हती. तिचं पहिलं बाळंतपण मावशीनंच केलं, म्हणजे माझ्याच वेळचं. आई तिला अक्का म्हणे, म्हणून अण्णाही अक्का म्हणत. दर भाऊबीजेला ती अण्णांना ओवाळायची.

रेघ पडली त्या संध्याकाळी मावशी आमच्याकडं आली.

"भाऊ, रेघ तर माझ्या चुलीच्या पल्याड गेली. मंग मी कुठं जाऊ?"

"अक्का, कोपऱ्यावर बलदियेची मोकळी जागा आहे ना, ती तुमच्या नावानं मांडलीय. तहसीलदार साहेबांनी कबूल केलंय. माझा शब्द आहे."

"तुमचा शब्द हाय म्हनल्यावर मी काय इचारू? कुठं अंगठा करायचा तेवढं दाखवा."

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, आधी जागा हातात येऊ द्या. मंग पाडा."

"आपणच मागं राहिलो तर दुसरे कशाला पाडतील?" अण्णा म्हणाले.

पहिली कुदळ त्यांनी स्वतः आमच्या ओसरीला घातली. दुसऱ्या दिवशी मावशीचं घर पडलं. मजूर आत शिरायच्या आधी तिनं आपली चूल आपल्या हातानं मोडली आणि बांगड्यांच्या पेट्या आमच्या मागच्या खोलीत आणून ठेवल्या. महिनाभराचा प्रश्न आहे, असंच सगळे म्हणत होते.

महिन्याच्या आत तहसीलदारांची बदली झाली. नव्या साहेबांनी रस्त्याचं काम थांबवलं. ते कळताच बाकीच्या लोकांनी आपली घरं पाडायची सोडून दिली, आणि त्यांना कुणी काही म्हणालं नाही. सबंध गल्लीत दोनच घरं पडली, आमचं अर्धं आणि मावशीचं पूर्ण.

अण्णा दर आठवड्याला कचेरीत जाऊन मावशीच्या जागेचं विचारत. कधी कळे, मिसल, म्हणजे कामाची फाईल, औरंगाबादला गेलीय. कधी कळे, परत आलीय पण सही राहिलीय. दीड वर्षानं त्या कोपऱ्यावर एका व्यापाऱ्याच्या गोदामाचा पाया खोदला जाऊ लागला. अण्णांनी भर बैठकीत विचारलं, ही जागा एका बाईला द्यायची ठरली होती, तिचं काय? साहेबांनी कारकुनाकडं पाहिलं. कारकून म्हणाला, मिसलीत तसा कागदच नाही. अण्णांच्या बाजूनं कुणीही बोललं नाही, गल्लीतले दुसरे मेंबर होते तेही नाहीत.

मावशी आमच्याकडंच राहत होती. दुपारी पडक्या जागेकडं तोंड करून बसायची. बायका बांगड्या भरायला यायच्या, पण हळूहळू कमी झाल्या. दुसऱ्याच्या घरात मागच्या खोलीपर्यंत यायचं त्यांना बरं वाटत नसावं. अण्णांना तिनं कधीच दोष दिला नाही. तेच त्यांना सोसवत नसे. ती समोर आली की ते उठून जात.

घर पडल्यानंतरच्या दुसऱ्या भाऊबीजेला तिनं ताट तयार केलं, पाट मांडला. अण्णा पहाटेच तीर्थपुरीला काम आहे सांगून निघून गेले होते. तसं काही काम नव्हतं. मावशी दुपार टळेपर्यंत ताट घेऊन बसून राहिली. मग निरांजन विझवलं आणि सुपारी परत डब्यात टाकली. मी तिथंच भाजी निवडत होते. मला तिच्याकडं पाहवलं नाही.

संध्याकाळी अण्णा आले तेव्हा आई त्यांना म्हणाली, "तुमच्या शब्दावर ती उठली. आता तिच्यासमोर बसायचीबी हिंमत राहिली न्हाई तुमच्यात?" त्या दिवसापासून आई त्यांच्याशी बोलायची थांबली. ताट वाढायची, अंघोळीचं पाणी काढायची, पण बोलणं नाही. काही सांगायचं झालं तर मला सांगायची आणि मी अण्णांना सांगायचे.

मावशीच्या ते ध्यानात आलं. चार महिन्यांनी तिनं पेट्या बांधल्या. घनसावंगीला तिचा पुतण्या होता.

आई तिचा हात सोडत नव्हती. "अक्का, नका जाऊ. माझी शपथ आहे."

"किती दिवस पाव्हनी राहू, बाई? माझ्यापायी तुम्हा नवराबायकोचं बोलनं गेलं. मी गेले म्हंजी बोलशील."

ती गेली. आई तरीही बोलली नाही. पुढच्या उन्हाळ्यात मावशी वारल्याचा निरोप आला. आईनं अंघोळ केली आणि दोन दिवस जेवली नाही. त्याच सुमारास अण्णांनी बलदियेचा राजीनामा दिला. मी मनात म्हणाले, आता देऊन काय उपयोग. पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आमच्या घरातला अबोला होता तसाच राहिला. पुढं आई कावीळ होऊन गेली. शेवटच्या दिवसांत अण्णा तिच्या उशाशी बसून असायचे. तिनं डोळे उघडून त्यांच्याकडं पाहिलं, पण शब्द काढला नाही.

आईचं वर्षश्राद्ध झालं त्या दुपारी अण्णांनी मला एक कागद दाखवला. आमच्या मागच्या अंगणाचा अर्धा भाग मावशीच्या नावे करून दिल्याचा. तारीख मावशी वारल्याच्या महिनाभर आधीची होती.

"मी घनसावंगीला गेल्तो," ते म्हणाले. "अक्का आजारी होती. कागद पाहिला न्हाई तिनं. म्हणाली, आता मला जागा कशाला, भाऊ? भाऊबीजेचं राहिलंय तेवढं बसा. चैत्राचं ऊन होतं. पुतण्याच्या बायकोला तिनं ताट आणाय लावलं. ताट पेलेना तिला. मी हात धरला, तवा ओवाळलं."

"आईला का नाही सांगितलं?"

"सांगाय गेल्तो. तिनं तोंड फिरवलं. मंग तुला सांगावं म्हटलं, तर तूही उठून गेलीस."

मला ते आठवलं. ते घनसावंगीहून आले होते, पायावरची धूळही धुतली नव्हती. त्यांनी मला हाक मारली होती. मी म्हणाले होते, मला कामं आहेत. त्या काळात मीही त्यांच्याशी धड बोलत नव्हते, आईची बाजू घ्यायची म्हणून. त्या दिवशी थांबून ऐकलं असतं, तर आईला सांगितलं असतं, आणि ती कदाचित त्यांच्याशी बोलली असती.

हे मी अण्णांना म्हणाले नाही. कागद घडी करून त्यांच्या हातात दिला, आणि त्यांच्याजवळ बसून राहिले.