कोचवर ओरडणारा

लाखनीतला आमचा फुटबॉल संघ हरत गेला, तसे प्रेक्षक येईनासे झाले. हायवेवरचा एक पंक्चरवाला मात्र काळ्या हातांनीच दुकानातून उठून यायचा आणि सामना संपेपर्यंत कोचवर ओरडायचा. संघाच्या राइस मिलवाल्या मालकानं चांगले खेळाडू काढून स्वतःचे भाचे खेळवले, तरी याच्या शिव्या कोचलाच.

शेवटी मालकानं कोचला काढलं. बसस्टँडवर त्याला पोहोचवायला हा एकटाच आलेला मला दिसला.

"बहुत बोललो जी तुमाले. संघ तर मालकानंच बिघडवला," तो म्हणाला.

"बोलला ते बरं केलं," कोच म्हणाला. "मैदानात तुयाच एक आवाज येत होता मले."

बस गेली. दुकानाकडे न वळता तो बाकावर बसून राहिला.